साचे तिचे, जुळणी माझी

काल सकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या बनियनवर काजळीचे चार ठिपके दिसले आणि कळलं, कारखान्याचा बॉयलर पेटला. ही काजळी झटकायची नसते, झटकली की पसरते. हलकेच फुंकायची असते. माझ्या हाताला हलकेपणा कधी जमला नाही. मी झटकली आणि बनियनवर चार काळ्या रेघा उठल्या.

गळीत हंगाम दरवर्षी असाच येतो. रस्त्यावर चिपाडं दिसायला लागतात, ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्या वळणावर उसाच्या शेंड्यांनी घरांच्या भिंती खरवडत जातात, आणि वारा फिरला की मळीचा आंबूस वास थेट माजघरापर्यंत येतो. बायको खिडक्या लावून घेते. मी उघडतो. त्या वासात मला कराडकडच्या एका कारखान्याच्या लॅबमधल्या जुन्या कॉम्प्युटरचा पंखा ऐकू येतो, आणि पडद्यावर खालून वर सरकत जाणाऱ्या चुकांच्या ओळी दिसतात. त्या हंगामाला आता बरीच वर्षं झाली. राग मात्र ताजा आहे. तो नेमका कुणावर आहे, हे आधी पक्कं ठाऊक होतं. आता तेवढं ठाऊक नाही.

मी लोणंदकडचा. वडील जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. मी शिरवळच्या एका कंपनीत स्टोअरला लागलो आणि तिथल्या कॉम्प्युटरवर, दुपारच्या सुट्टीत, जेवणाचा डबा मांडीवर ठेवून शिकलो. पदवीचा कागद माझ्याकडे नाही. जे आलं ते पुस्तकं वाचून आणि लोकांशी भांडून आलं. पुढे साताऱ्यात स्वतःचं ऑफिस टाकलं. साखर कारखान्यांना वजनकाट्याचे आणि लॅबचे प्रोग्राम बसवून द्यायचे, हा धंदा. समोरचा माणूस पहिल्यांदा जे बोलतो ते खरं नसतं, हे मी बाजारात शिकलो होतो, आणि धंद्यात ते रोज पटत होतं.

त्या हंगामात माझ्याबरोबर काम केलेली अनघा सांगलीची. तिचे वडील गणिताचे मास्तर होते. ते गेल्यावर आईसाठी पुण्यातली चांगली नोकरी सोडून ती घरी परतली आणि घरी बसल्या बसल्या तिने एक लायब्ररी लिहिली. लायब्ररी म्हणजे इतरांच्या प्रोग्रामला वापरता यावा असा तयार कोड. तिची लायब्ररी मोजमापांची होती. टनात क्विंटल मिसळायला जा, रसाच्या घनतेत तापमान मिळवायला जा, प्रोग्राम बनतच नाही. चालायच्या आधीच अडतो आणि सांगतो, या दोन गोष्टींची बेरीज होत नाही. कारखान्यात अशा चुका किती होतात आणि हंगामाच्या शेवटी त्या कशा दडपल्या जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तिचा कोड पहिल्यांदा वाचला तेव्हा मी अर्धा तास काही बोललो नाही. माझ्यासारख्या माणसाने अर्धा तास गप्प बसणं म्हणजे काय, हे माझ्या बायकोला विचारा.

तिने सगळं टेम्प्लेटमध्ये लिहिलं होतं. टेम्प्लेट म्हणजे साचा, गुळाच्या ढेपेचा असतो तसा. साच्यात गूळ नसतो, नुसता आकार असतो. वापरणाऱ्याने आपला माल ओतला की त्याची ढेप पडते. त्यामुळे अशी लायब्ररी आधी बनवून, पुडीत बांधून देता येत नाही. ती ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर, त्याच्या प्रोग्रामबरोबरच बनते. आणि तिथे मी लागतो. कुठला कंपायलर घ्यायचा, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्राम करणारं साधन कुठलं, भाषेची कुठली आवृत्ती, फाइली कुठून उचलायच्या, कोणत्या मशिनवर काय टाळायचं, हे सगळं बिल्डच्या, म्हणजे प्रोग्राम बनवण्याच्या, फाइलीत लिहावं लागतं. साचे तिचे, जुळणी माझी. गुऱ्हाळावर आलेला माणूस गूळ चाखतो आणि गुळव्याला नावाजतो. चुलवाणापाशी वाकून पहाटेपासून जाळ घालणारा कुणाला दिसत नाही. जाळ कमी पडला की मात्र पहिली हाक त्यालाच.

मी आठवड्यातून दोनदा एसटीने सांगलीला जायचो. तिच्या घराजवळ हळदीची गोदामं होती, वास कपड्यांना चिकटून साताऱ्यापर्यंत यायचा. पुढच्या खोलीत आम्ही दोन कॉम्प्युटर मांडून बसायचो. तिची आई आत पोथी वाचायची आणि मधूनच, कुकर झाला का असं विचारावं तशा सुरात विचारायची, "बिल्ड झालं का गं?"

"नाही गं आई."

"मग चहा टाकते. होईल तोवर."

टेम्प्लेटमधली चूक ही एक वेगळीच जात आहे. एक स्वल्पविराम चुकतो आणि कंपायलर पाच पानं बडबडतो. कुणाच्या आत कोण, त्याच्या आत कोण, सात पिढ्या काढतो. खरी चूक कुठेतरी तळाशी एका ओळीत असते. अनघा ती शांतपणे शोधायची, बोट ठेवून, तांदूळ निवडावेत तशी. मी टेबलावर हात आपटायचो.

"दादा, त्याच्यावर ओरडून तो बदलणार आहे का?"

"ओरडल्याने मला बरं वाटतं."

"मग आत जाऊन ओरडा. आईला ऐकू कमी येतं."

त्या हंगामाच्या सुरुवातीला तिने मला स्पष्ट सांगितलं होतं. तिचा भाऊ कॅनडात होता. त्याने दोघींना तिकडे बोलावलं होतं, कागदपत्रं तयार होती. "हा एक हंगाम, दादा. कारखान्याने ही लायब्ररी घेतली तर पुढची काही वर्षं इथेच काम पुरेल. आई आणि मी राहू. नाही घेतली तर जातो." आईला जायचं नव्हतं. ती मला एकदा हळूच म्हणाली, "तिकडे थंडीत दुपारी चारलाच अंधार पडतो म्हणे. मग मी दिवा कधी लावायचा?"

म्हणजे काय पणाला लागलंय, हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी कधीही म्हणणार नाही.

कारखाना कराडच्या पुढे, नदीकाठी. तिथले चीफ केमिस्ट कदम. बोलायला मोकळे, पण एकदा पोळलेले. पहिल्याच भेटीत म्हणाले, "आवं साहेब, मागं एक जण तयार पोग्राम घिऊन आला, बसवला, आन् त्यात गडबड झाल्यावर फोन बंद करून बसला. आत काय घातलंय कुणालाच म्हाईत न्हाई. तवापासनं आमी तयार माल घेत न्हाई. हितं, आमच्या कॉम्प्युटरवर, संचालकांच्या डोळ्यांदेखत बनवायचा. बनला तर घेऊ."

त्यांचा कॉम्प्युटर जुना होता. लॅबची सगळी यंत्रं त्यालाच जोडलेली, म्हणून तो बदलायला कुणी तयार नव्हतं. त्यावरचा कंपायलरही जुना. आणि अनघाची लायब्ररी लिहिलेली भाषेच्या नव्या आवृत्तीत. सी प्लस प्लसची दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती येते आणि तिला वर्षाच्या आकड्याने ओळखतात. अनघाची वीस होती. आमची पहिली घासाघीस तिथे झाली.

"वीसच हवी," ती म्हणाली. "नाहीतर सगळी सफाई जाते."

"अकरा," मी म्हणालो.

"अकरा? म्हणजे हात बांधून लिहायचं."

"कारखान्याचं मशीन बघ आणि बोल."

जुना कंपायलर चौदा चालवतो, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून तर अकरा म्हणालो. ती सतरा म्हणेल, मी बारीक तोंड करीन, चौदावर येऊ, दोघांनाही जिंकल्यासारखं वाटेल. बाजारात असंच असतं. पण ती सतरा म्हणालीच नाही. मधे दुसऱ्या कामात तीन आठवडे माझं जाणं झालं नाही, मग सांगलीला गेलो तर तिच्या डोळ्यांखाली काळं, आणि समोर अर्धी लायब्ररी अकरात उतरवलेली. चार ओळींच्या जागी चाळीस.

"निम्मं झालंय," ती म्हणाली.

मी म्हणालो, "चौदासुद्धा चालेल."

"मग अकरा का म्हणालात?"

बाजारात हा प्रश्न कुणी विचारत नाही. तिने तीन आठवड्यांचं काम बाजूला ठेवलं आणि चौदासाठी पुन्हा लिहायला बसली. रागावली नाही. तिने रागवायला हवं होतं, मग मी तिथेच शिकलो असतो.

वडिलांच्या बाजारात दोन गोष्टी कानावर पडायच्या. बैलाचा भाव उपरण्याखाली हात घालून बोटांनी ठरायचा. चार माणसं भोवती उभी असली तरी कुणाला आकडा कळायचा नाही. आपला हात उघड्यावर दाखवायचा नाही, हे पहिलं. दुसरं, सौदा अडला की उपरणं खांद्यावर टाकून चालू लागायचं. दहा पावलं. आठव्या-नवव्या पावलाला मागून हाक येतेच. "आवं थांबा की, कुठं चाललाय?" ती हाक आली की सौदा आपला. वडील कितीतरी वेळा असे चालत गेले आणि दर वेळी परत आले.

मी हात दाखवला नाही. जुन्या मशिनसाठीची जुळणी मी वेगळ्या फाइलीत लिहिली. कंपायलर कुठल्या फोल्डरमध्ये दडलाय, कुठल्या सूचना बंद करायच्या, कुठल्या दोन फाइली माझ्या दुरुस्त्यांसकट घ्यायच्या. ती फाइल लायब्ररीबरोबर ठेवली नाही. ती माझ्या शर्टाच्या खिशात, पेनड्राइव्हवर. कारखान्यात गेलो की लावायची, बिल्ड करायचं, काढून घ्यायची. अनघाने दोनदा विचारलं. मी म्हणालो, "ते माझ्याकडे आहे, तू कोड बघ." तिचा विश्वास बसला. मी मनाशी म्हणत होतो, उद्या कुणी माझ्याशिवाय हे उभं करायला गेलं तर उभं राहता कामा नये. लायब्ररीच्या पहिल्या पानावर तिचं एकटीचं नाव होतं. त्याचं मला काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगत होतो.

संचालक यायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही कारखान्याच्या कँटीनमध्ये बसलो होतो. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, टेबलावर काजळी. चहावर साय धरेपर्यंत काजळी साईत मिसळायची. लॅबमध्ये सकाळी सगळं नीट बनलं होतं. कदम खुशीत होते. त्यांनी सहज विचारलं, "मॅडम, तुमी लिवता ते कळलं. पर साहेबांचं काम नक्की काय?"

अनघा हसून म्हणाली, "मी लिहिते. दादा जोडून देतात."

यात वाईट काय होतं? आजवर शंभरदा विचारलंय स्वतःला. तेव्हा माझ्या डोक्यात नुसती तिडीक गेली. जोडून देतात. नळ जोडून देतात तसं. मी कप खाली ठेवला.

"मग उद्याचं तूच जोड."

"दादा, अहो, मी तसं नाही..."

"तुझी लायब्ररी आहे ना? जोड."

कदम म्हणाले, "आवं साहेब, चेष्टा हुती ती."

मी उठलो. पिशवी खांद्यावर टाकली आणि चालू लागलो. कँटीनच्या दारापर्यंत सहा पावलं. पुढे वजनकाट्यापर्यंतचा उतार. मी मुद्दाम सावकाश चाललो. काट्यापाशी थांबून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मागे गाड्यांचा कालवा होता, पण हाक आली असती तर ऐकू आली असती. मी आयुष्यभर तशा हाका ऐकत आलोय. ती आली नाही. मग परत फिरणं शक्य नव्हतं. फाटकाबाहेर येऊन मी साताऱ्याची एसटी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन समोर ठेवून बसलो. नऊ वाजले. तिला आता कळलं असेल की फाइल नाही. दहा वाजले. करील आता. एक फोन कर, मी गाडी काढून दीड तासात पोचतो, एवढं मी ठरवून ठेवलं होतं. गाडीची किल्ली टेबलावर होती. अकराला संचालक यायचे होते. बायको म्हणाली, "तुम्हीच करा की." मी म्हणालो, "मी का करू?" बारा वाजता तिने ताट वाढलं. मी जेवलो. हे लिहिताना लाज वाटते, पण जेवलो.

काय झालं ते कदमांनी नंतर सांगितलं.

"लय झुंजली वो ती. संचालक मंडळी आली, बसली. हिनं बटन दाबलं की पडद्यावर नुसत्या वळीच्या वळी. सेटिंग र्‍हायलंय म्हनाली. तुमचं नाव न्हाई काढलं. दीड तास वाट बघितली त्यांनी, मग उठून गेली. ही उठली न्हाई. पाणी सुदिक न्हाई पिली. एकेक करून सगळं हुडकून लिवत बसली. साडेचारला बनला बघा. मी मुद्दाम टनात क्विंटल घातलं, तर नडला. एकदम ब्येस. पर खोलीत कोन? मी आन् ती."

"मग संचालकांना परत बोलवायचं."

"मी गेलतो इचाराय. म्हनले, जे आमच्या म्होरं बनलं न्हाई, ते हंगामात बंद पडलं तर? नगं." मग कदम म्हणाले, "तुमी असता तर धा मिंटाचं काम हुतं, साहेब."

दहा मिनिटांचं नव्हतं. चार मिनिटांचं होतं. मी कितीदा तरी घड्याळ लावून केलं होतं.

हंगाम संपायच्या आत दोघी गेल्या. जायच्या आधी तिने लायब्ररी सगळ्यांसाठी इंटरनेटवर खुली केली. एवढं रक्त आटवलेलं काम, फुकट. महिन्याभराने मी ती फाइल तिच्या लायब्ररीत घातली. कुणाला उपयोग नव्हता, त्या कारखान्याचं प्रकरण संपलं होतं, पण खिशात ठेवून तरी काय करायचं? तिने काही न विचारता ती घेतली आणि फाइलीच्या डोक्यावर माझं नाव लिहिलं. सगळ्या लायब्ररीत माझं नाव तेवढ्या एका ठिकाणी होतं.

त्यानंतर मी धंदा केला, चांगला केला. वाकून कधी सौदा केला नाही. पण प्रत्येक हंगामात, हवेत काजळी तरंगायला लागली की मी एकदा ती लायब्ररी उतरवून घेतो, बिल्ड करतो आणि बघत बसतो. शंभर टक्के होतं. सांगलीच्या त्या पुढच्या खोलीत होत नव्हतं तेव्हा आम्ही तिघं होतो.

काल दुपारी तिची मेल आली. दोनच ओळी. "दादा, जुन्या कंपायलरसाठीचा भाग आता काढून टाकावा म्हणते. तो कुणाकडेच राहिलेला नाही. फाइल तुमची आहे, म्हणून विचारते."

आज सकाळी मी फोन केला. तिकडे संध्याकाळ होती. इतक्या वर्षांत आम्ही बोललो नव्हतो. तिचा आवाज तसाच.

"आई?"

"आहे. बोलते कमी. खिडकीत बसून असते."

मग मी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं. "त्या दिवशी फोन का नाही केलास? एक फोन. मी किल्ली समोर ठेवून बसलो होतो."

ती खरोखरच गोंधळली. "पण तुम्ही निघून गेला होतात, दादा."

"हाक मारायची होतीस."

"मला वाटलं, तुम्हाला यायचं नाही. तुम्ही गेलात म्हणजे गेलात, असंच वाटलं मला."

तिच्या घरात माणूस उठून गेला की तो गेलेला असतो. तिथे कुणी दहा पावलं मोजत नाही.

"मग ती फाइल," ती म्हणाली. "काढू का?"

नको म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "काढ की. मला काय."

असं म्हटल्यावर समोरच्याने म्हणायचं असतं, राहू दे हो, काय अडतंय. मी तेवढ्यासाठी थांबलो.

"बरं दादा," ती म्हणाली. "थँक्यू. तब्येतीला जपा."

दुपारपर्यंत तिने फाइल काढली होती. भाषेची आवृत्ती पुन्हा वीसवर नेली होती, आणि चौदासाठी वाकवलेला कोड सरळ करून टाकला होता, तो तिने आधीच तयार ठेवला असणार. वाचायला सुंदर आहे. मी नवी लायब्ररी उतरवून घेतली, खिडकी उघडी ठेवून बसलो आणि बिल्ड केलं. जुळणीत कुठेही माझी एक ओळ नाही. पहिल्याच झटक्यात झालं.